बैर-शेबा : वैराची नव्हे, शपथेची विहीर



गेल्या उपवासकाळातील गोष्ट. रविवारी मिस्सानंतर मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग असतो. उत्पत्तीचा २१ वा अध्याय चालू होता. अब्राहाम आणि अबीमलेख यांच्यात विहिरीवरून वाद होतो, मग तो मिटतो आणि त्या जागेला बैर-शेबा हे नाव पडते, असे मी सांगत होतो. तेवढ्यात मागच्या रांगेतल्या एका मुलाने हात वर केला. "सर, बैर म्हणजे दुश्मनीच ना? भांडण मिटलं, मग जागेचं नाव दुश्मनी कशाला ठेवलं?"

मी उत्तर देण्याआधीच एक मुलगी म्हणाली, "अरे, तो बैर नाही, बेर. बेर म्हणजे बोर. आपल्या गावासारखं!" सगळा वर्ग हसला. मीही हसलो.

आपल्या पांढुर्णा-सौंसर भागाबाहेर कुठे हा प्रश्न निघाला नसता. १९५६ मध्ये राज्यांच्या सीमा नव्याने आखल्या गेल्या. नागपूर तिकडे गेले आणि आपण मध्य प्रदेशात राहिलो. घरात मराठी, शाळेत हिंदी. मुलांच्या डोक्यात दोन्ही भाषा एकाच वेळी चालतात. हिंदीत 'बैर' म्हणजे वैर आणि 'बेर' म्हणजे बोराचे फळ. मराठी पवित्र शास्त्रात छापलेला 'बैर-शेबा' हा शब्द त्यांनी हिंदीच्या कानांनी ऐकला, यात त्यांचे काहीच चुकले नाही.

मी मुलांना म्हणालो, "पुढच्या रविवारी सांगतो." त्या आठवड्यात मी हे नाव नीट अभ्यासले. अभ्यास मुलांसाठी करायला बसलो होतो, पण ते वचन माझ्याच दारात येऊन उभे राहिले. म्हणून हे लिहितो आहे.

नाव उलटे वाचायचे

पहिली गोष्ट अशी की आवाज सारखा असला म्हणून अर्थ सारखा होत नाही. 'बैर' हा आपल्या मराठी बायबलमधला उच्चार आहे. मूळ हिब्रू शब्द 'बेएर' असा म्हटला जातो आणि त्याचा अर्थ विहीर. हिंदीतल्या बैराशी किंवा आपल्या बोराशी त्याचे कोणतेही नाते नाही. 'शेबा' हा शब्दही मूळ भाषेत 'शेवा' असा ऐकू येतो. त्याच्या शेवटी घशातून निघणारे एक अक्षर आहे, ज्याला आपल्या देवनागरीत जागाच नाही. शलमोनाला भेटायला आलेल्या शबाच्या राणीचा देश तो हा नव्हे. त्या नावाच्या शेवटी वेगळे अक्षर आहे.

आता व्याकरण. आपल्या गावाचे नाव घ्या : बोरगाव. इथे बोरीची झाडे खूप होती म्हणून हे नाव, असे जुनी माणसे सांगतात. आता औद्योगिक क्षेत्र झाले, कारखाने आले, तरी नावातली बोर गेली नाही. शाळेत आपण समास शिकलो. बोरांचे गाव ते बोरगाव, हा तत्पुरुष समास. यात दुसरे पद मुख्य असते. मुख्य गोष्ट गाव आहे; ते कसले, तर बोरांचे.

हिब्रूत हे उलटे चालते. मुख्य पद आधी येते आणि ते कशाचे किंवा कोणाचे, हे मागून येते. 'बेएर' म्हणजे विहीर, आणि नंतर 'शेवा'. हिब्रू माणसाने आपल्या गावाला नाव दिले असते तर ते 'गाव-बोर' असे झाले असते. बेथलेहेमही तसेच आहे. 'बेथ' म्हणजे घर, 'लेहेम' म्हणजे भाकर. भाकरीचे घर.

आणखी एक फरक पाहण्यासारखा आहे. मराठीत 'घर' आणि 'दार' जोडताना आपण 'घराचे दार' म्हणतो. म्हणजे ज्याच्या मालकीचे सांगायचे तो शब्द बदलतो, 'घर'चे 'घरा' होते आणि त्याला 'चे' लागते. हिब्रूत 'चा, ची, चे' असा प्रत्यय लागत नाही. तिथे मुख्य शब्दच आपले रूप सोडतो. घराला एरवी 'बायिथ' म्हणतात, पण दुसऱ्या शब्दाला जोडले की तेच 'बेथ' होते. ते आखडते, हलके होते आणि पुढच्या शब्दावर टेकते. 'बेएर' या शब्दाचे रूप मात्र जोडतानाही तसेच राहते, फक्त त्याच्यावरचा जोर पुढच्या शब्दावर जातो.

या जोडणीला हिब्रू व्याकरणात 'स्मिखूत' म्हणतात. ज्या धातूपासून हा शब्द आला त्याचा अर्थ टेकणे, आधार देणे असा आहे. एकदा दोन शब्द असे टेकले की त्यांच्यामध्ये विशेषणसुद्धा शिरत नाही; ते दोघांच्या नंतर उभे राहते. बैर-शेबा या नावात विहीर एका दुसऱ्या शब्दावर टेकलेली आहे. तो शब्द कोणता, हा खरा प्रश्न आहे.

सात की शपथ?

'शेवा' म्हणजे सात. उत्पत्ति २१ मध्ये अब्राहाम कळपातून सात मेंढ्या बाजूला काढून ठेवतो. अबीमलेख विचारतो, या सात कशासाठी? अब्राहाम सांगतो की ही विहीर मी खणली याची साक्ष म्हणून तू या माझ्या हातून घे. इथे मूळ भाषेत सातसाठी नेमका 'शेवा' हाच शब्द आहे. याचे कारणही व्याकरणात आहे. हिब्रूत स्त्रीलिंगी वस्तू मोजताना 'शेवा' म्हणतात आणि पुल्लिंगी वस्तू मोजताना 'शिवआ'. मेंढ्या स्त्रीलिंगी, म्हणून 'शेवा'. या हिशेबाने बैर-शेबा म्हणजे सातांची विहीर.

पण लगेच ३१ व्या वचनात नावाचे कारण वेगळे दिले आहे. त्या दोघांनी तिथे शपथ वाहिली म्हणून त्या जागेला ते नाव. हिब्रूत शपथ म्हणजे 'शेवूआ' आणि शपथ वाहणे म्हणजे 'निश्बा'. 'सात' आणि 'शपथ' या दोन्ही शब्दांत शीन, बेथ आणि आयिन ही तीच तीन अक्षरे आहेत. अनेक अभ्यासक मानतात की हे दोन शब्द मुळातच नात्यातले आहेत. शपथ वाहणे म्हणजे जणू स्वतःला सातांनी बांधून घेणे. क्रियापदाचे रूपही असे आहे की क्रिया करणाऱ्यावरच उलटून येते. शपथ घेणारा दुसऱ्याला बांधत नाही, स्वतःला बांधतो.

पुढे २६ व्या अध्यायात इसहाकाचे सेवक विहीर खणतात आणि पाणी लागल्याची बातमी आणतात. तेव्हा इसहाक तिचे नाव 'शिवआ' ठेवतो, आणि त्यावरून त्या नगराचे नाव बैर-शेबा आहे असे शास्त्र पुन्हा सांगते. त्याच दिवशी सकाळी इसहाक आणि अबीमलेख यांनी एकमेकांना शपथ दिलेली असते. म्हणजे दोन्ही वेळा विहीर आणि शपथ बरोबरच येतात.

प्राचीन भाषांतरकारांनाही या नावाने विचारात पाडले. ख्रिस्तापूर्वी जे ग्रीक भाषांतर झाले त्यात हे नाव नुसते ग्रीक अक्षरांत उतरवले नाही, त्याचा अर्थच लिहिला, 'शपथेची विहीर'. संत जेरोम यांनी लॅटिन भाषांतर करताना २६ व्या अध्यायातल्या विहिरीचे नाव 'विपुलता' असे दिले. याचे कारण असे की हिब्रूत 'श' आणि 'स' साठी एकच अक्षर लिहितात आणि त्यावरच्या टिंबाच्या जागेवरून फरक करतात. ही टिंबे आणि स्वरचिन्हे ज्या यहुदी विद्वानांनी घातली ते जेरोम यांच्या नंतरचे. टिंब नसताना तीच तीन अक्षरे 'स' ने वाचली तर तृप्ती, पोटभर असणे असा अर्थ होतो. सात, शपथ आणि तृप्ती, तीन अक्षरांत एवढे सगळे मावते. आपल्या मराठी भाषांतरकारांनी नाव तसेच ठेवले. त्यामुळे नाव जपले गेले, पण अर्थ शिक्षकाने सांगावा लागतो. वर्गातल्या त्या मुलाचा प्रश्न म्हणूनच योग्य होता.

मराठीने हिब्रूशी जोडलेले नाते

हिब्रूचे व्याकरण मराठीतून समजावणे ही काही नवी गोष्ट नाही. कोकणात शेकडो वर्षे बेने इस्राएल लोक राहत आले. तेलाच्या घाण्याचा धंदा करणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे, म्हणून गावकरी त्यांना शनिवार तेली म्हणत. त्यांची मायबोली मराठी. त्यांची आडनावे पाहिली तर गावाच्या नावाला 'कर' जोडून झालेली : रोह्याचे रोहेकर, पेणचे पेणकर, किहीमचे किहीमकर. त्यांची हिब्रू मात्र बरीचशी विसरली गेली होती. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन १८२९ मध्ये मुंबईला आले. ज्यांच्या नावाने विल्सन कॉलेज आहे तेच हे. त्यांनी १८३२ मध्ये या बेने इस्राएलांसाठी हिब्रू व्याकरणाची मूलतत्त्वे सांगणारे पुस्तक मराठीत छापले. अब्राहामाच्या वंशजांना अब्राहामाची भाषा मराठीतून शिकवली गेली! देवाच्या योजना आपल्या कल्पनेपलीकडच्या असतात.

दुसरे नाव पंडिता रमाबाईंचे. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात आल्या आणि उपासमारीने मरू घातलेल्या विधवा व मुलींना सोबत घेऊन गेल्या. आपला हा भागही तेव्हा त्याच मध्य प्रांतात होता. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी या मुलींना आसरा दिला, शिक्षण दिले. त्याच रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि साध्यासुध्या बायांना कळेल अशा मराठीत संपूर्ण बायबलचे भाषांतर करायला बसल्या. खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंतचे काम मुक्तीतल्या स्त्रियांनी केले. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई प्रभूकडे गेल्या आणि १९२४ मध्ये ते बायबल प्रसिद्ध झाले. स्वतःच्या लहानपणी दुष्काळात आईवडिलांना गमावलेली ही स्त्री 'विहीर' हा शब्द भाषांतरित करताना काय विचार करत असेल, असे माझ्या मनात नेहमी येते.

विहीर आणि हौद

मुलीने बोराचा विषय काढलाच होता, तर तोही पुरा करू. हिब्रूत 'बोर' असा शब्द खरोखरच आहे. पण त्याचा अर्थ फळ नाही. 'बोर' म्हणजे खडकात खोदलेला खड्डा, पावसाचे पाणी साठवण्याचा हौद. योसेफाला भावांनी टाकले ते 'बोर'मध्ये. तो रिकामा होता, त्यात पाणी नव्हते असे शास्त्र मुद्दाम सांगते. यिर्मयाला उतरवले तेही 'बोर'मध्येच, आणि तो चिखलात रुतला.

गंमत पाहा. हिब्रूत 'बेएर' स्त्रीलिंगी आणि 'बोर' पुल्लिंगी. आपल्याकडेही ती विहीर आणि तो हौद! विहिरीत पाणी आतून येते. हौदात पाणी बाहेरून भरावे लागते, आणि त्याला चीर गेली की सगळे निघून जाते. यिर्मया दुसऱ्या अध्यायात देवाचे दुःख सांगतो की माझ्या लोकांनी जिवंत पाण्याचा झरा सोडला आणि स्वतःसाठी फुटके हौद खोदले. ज्यांनी हे प्रथम ऐकले त्यांना फरक समजावून सांगावा लागला नसेल. शोमरोनी स्त्रीशी बोलताना प्रभू येशू याच जिवंत पाण्याविषयी बोलतो, आणि तेही याकोबाच्या विहिरीच्या काठावर बसून.

बैर-शेबाच्या जुन्या टेकाडावर १९६९ ते १९७५ या काळात योहानान अहारोनी यांच्या मार्गदर्शनाखाली उत्खनन झाले. वेशीच्या बाहेर एक खोल विहीर सापडली, सुमारे ६९ मीटर. आणि तटाच्या आत जमिनीखाली खडकात कोरलेले मोठे हौद सापडले, ज्यांत ओढ्याच्या पुराचे पाणी वळवून साठवत असत. २००५ मध्ये युनेस्कोने या जागेला जागतिक वारशाच्या यादीत घेतले. ६९ मीटर म्हणजे सव्वादोनशे फूट! पाणी काढायला केवढा दोर लागत असेल. अशा मुलखात विहीर बुजवणे म्हणजे माणूस मारणेच.

इसहाकाच्या बाबतीत पलिष्ट्यांनी तेच केले. त्याच्या बापाने खणलेल्या विहिरी माती टाकून बुजवल्या. इसहाकाने त्या पुन्हा उकरल्या आणि बापाने दिलेली नावेच त्यांना पुन्हा दिली. मग गराराच्या खोऱ्यात नवी विहीर खणली, तिथल्या गुराख्यांनी भांडण केले, म्हणून तिचे नाव एसेक, म्हणजे भांडण. दुसरी खणली, तिच्यावरूनही तंटा, तिचे नाव सितना. आता मुलांनो, ऐका. हिब्रूत वैर म्हणजे बैर नाही, वैर म्हणजे सितना! 'सैतान' हा शब्द याच धातूचा आहे. इसहाक तिथूनही पुढे गेला. तिसऱ्या विहिरीवर कोणी भांडले नाही, तिचे नाव रहोबोथ. शेवटचा 'ओथ' हा अनेकवचनाचा प्रत्यय. रहोबोथ म्हणजे ऐसपैस जागा. आणि तिथून तो बैर-शेबाला गेला. भांडण, वैर, मोकळीक आणि मग शपथ, असा हा रस्ता आहे. मधले कोणतेही गाव टाळून जाता येत नाही.

आमची सामाईक विहीर

इथपर्यंत अभ्यास झाला आणि पेन थांबले. आता जे लिहितो ते लिहिताना संकोच वाटतो, पण वर्गात मुलांना 'खरे बोला' म्हणतो, तर लिहिले पाहिजे.

आमच्या शेतात आजोबांनी खणलेली एक विहीर आहे. वडील आणि काका यांच्या वाटण्या झाल्या तेव्हा शेत विभागले, विहीर मात्र सामाईक राहिली. खसऱ्यातही तशीच नोंद आहे. पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या होत्या. वडील होते तोवर कधी शब्द उणा झाला नाही. दोन्ही घरांची संत्र्याची बाग त्याच पाण्यावर वाढली.

मग एका उन्हाळ्यात चुलतभावाने धुऱ्याला लागून बोर मारली. त्या वर्षी एप्रिलमध्ये आमची विहीर तळाला गेली. आंबिया बहाराची फळे गळाली, काही झाडे वाळली. मी त्याच्या दारात जाऊन जे बोललो ते इथे लिहिण्यासारखे नाही. तो एवढेच म्हणत होता, "मला काय माहीत होतं, विहिरीचं पाणी तुटेल म्हणून?" मी ऐकले नाही. दोन वर्षांनी मीही माझ्या बाजूने बोर मारली, त्याच्यापेक्षा जास्त खोल. माझे ते नुकसानभरपाई होती, त्याची ती चोरी होती, असा माझा हिशेब.

सहा वर्षे आम्ही बोललो नाही. एकाच चर्चमध्ये तो डाव्या बाजूच्या बाकावर, मी उजव्या. 'शांती असो' म्हणताना मी शेजारच्याला हात जोडायचो आणि त्या बाजूला बघायचो नाही. एकाच वेदीवरून आम्ही दोघेही ख्रिस्तशरीर घेत होतो. आणि मी धर्मशिक्षक!

उत्पत्ति २१ पुन्हा वाचला. अब्राहाम अबीमलेखाला विहिरीबद्दल बोल लावतो, तेव्हा अबीमलेख काय म्हणतो? हे कोणी केले मला ठाऊक नाही, तू मला सांगितले नाहीस, आजच ऐकतो आहे. माझ्या चुलतभावाचेच शब्द! आणि अब्राहाम काय करतो? तो वाद वाढवत नाही. ज्याची विहीर हिसकावली गेली तोच उठतो आणि आपल्या कळपातून मेंढ्या देतो. अन्याय झालेला माणूस देतो. हे मी किती वेळा शिकवले होते, पण माझ्या लक्षात आले नव्हते. मी सहा वर्षे वाट पाहत होतो की ज्याची चूक त्याने यावे.

या अध्यायात आणखी एक बोच आहे. याच अब्राहामाने थोडे आधी हागारेला एक पाण्याची मसक देऊन घराबाहेर काढले होते. मसकेतले पाणी संपले आणि ती बैर-शेबाच्या रानात लेकराला झुडुपाखाली ठेवून रडत बसली. देवाने तिचे डोळे उघडले आणि तिला विहीर दिसली. म्हणजे हक्कासाठी उभा असलेला अब्राहामसुद्धा कोणाच्या तरी तहानेला कारण झालेला आहे. माझ्या खोल बोरीने पलीकडच्या कोणाची विहीर आटली असेल, हे मी कधी विचारले होते का?

नाव टिकते, अर्थ निसटतो

पवित्र नावाचे गाव असले म्हणून माणसे पवित्र होत नाहीत, हेही शास्त्र लपवत नाही. शमुवेलाचे मुलगे बैर-शेबा येथेच न्यायाधीश होते आणि त्यांनी लाच घेऊन न्याय विपरीत केला. शपथेच्या गावात लाच! पुढे आमोस संदेष्टा लोकांना बजावतो की बेथेलला जाऊ नका, गिल्गालात शिरू नका, बैर-शेबाकडे ओलांडून जाऊ नका. लोक तिथे यात्रा करत होते, त्या जागेच्या नावाने शपथा वाहत होते, पण जिवंत देव त्यांच्या मनात नव्हता. विहीर हौद झाली होती. नाव तेच, वेस तीच, आतला झरा आटलेला.

आपले 'ख्रिस्ती' हे नावही असेच एक जोडलेले नाव आहे. ते ख्रिस्तावर टेकलेले आहे. तो आधार काढला तर मागे नुसता उच्चार उरतो.

देवाने स्वतः वाहिलेली शपथ

मग आपण उभे राहायचे कशाच्या बळावर? आपल्या शपथा तर फुटक्या हौदासारख्या गळतात.

उत्पत्ति २२ मध्ये, मोरियाच्या डोंगरावर, देव अब्राहामाला स्वतःची शपथ वाहून आशीर्वाद देतो. तिथे क्रियापद तेच आहे, स्वतःला बांधून घेण्याचे. सर्वसमर्थ देव मर्त्य माणसासमोर स्वतःला बांधून घेतो. आणि त्यानंतर अब्राहाम कुठे जातो? बैर-शेबाला. शपथ ऐकून तो शपथेच्या विहिरीवर जाऊन राहिला.

याच तीन अक्षरांचे एक नाव आपण दर आगमनकाळात ऐकतो. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाची आई अलीशिबा. हिब्रूत हे नाव 'एली-शेवा', माझा देव हीच माझी शपथ, असे समजले जाते. तिचा नवरा जखऱ्या, म्हणजे 'याव्हेने आठवण ठेवली'. म्हातारपणी या जोडप्याच्या घरी लेकरू आले, जखऱ्याची मुकी जीभ मोकळी झाली आणि त्याने स्तोत्र गायले (लूक १:६८-७९). त्यात तो म्हणतो की देवाने आपला पवित्र करार आठवला, आपल्या पित्याला अब्राहामाला वाहिलेली शपथ आठवली. आठवण आणि शपथ! नवरा-बायकोची नावे एका स्तोत्रात एकत्र आली. ती शपथ देवाने कशी पाळली? बेथलेहेमात, भाकरीच्या घरात, आपला पुत्र देऊन. अन्याय सोसणाराच देतो, हे अब्राहामाने सात मेंढ्या देऊन दाखवले. देवाने आपला एकुलता कोकरा देऊन ते पुरे केले.

पुढच्या रविवारी मी मुलांना हे सगळे फळ्यावर लिहून सांगितले. तो मागच्या रांगेतला मुलगा म्हणाला, "म्हणजे सर, बैर नाही, बैर मिटवायची विहीर." मी त्याला म्हणालो, "बाळा, माझ्यापेक्षा नीट सांगितलंस."

त्याच संध्याकाळी मी काकांच्या घरी गेलो. हातात काही नेले नव्हते. चुलतभाऊ ओट्यावर बसला होता. मी म्हणालो, "दादा, त्या दिवशी मी जे बोललो ते चुकलं." तो बराच वेळ गप्प होता. मग आत वळून वहिनीला म्हणाला, "चहा ठेव." काकू आतून बाहेर आल्या आणि पदराने डोळे पुसू लागल्या. आम्ही पाण्याचे काहीच बोललो नाही. निघताना तो म्हणाला, "आबांच्या विहिरीत गाळ फार झाला. मृगाच्या आधी काढू का दोघं मिळून?"

गाळ काढायला चार दिवस लागले. विहीर त्याने लगेच भरली असे नाही. पाणी पावसाने आणि जमिनीने द्यायचे असते, आणि दोन खोल बोरींनी जे ओढून घेतले ते एका वर्षात परत येत नाही. पण इसहाकाने बुजलेल्या विहिरी उकरल्या तेव्हा बापाने दिलेली नावेच परत दिली, याचा अर्थ मला त्या चिखलात उभे राहून कळला. आता आम्ही पाळ्या पुन्हा ठरवल्या आहेत आणि बागेत नळीने थेंब-थेंब पाणी देतो. 'शांती असो' म्हणताना मी डाव्या बाजूला बघतो.

प्रिय वाचकहो, तुमच्याही घरात अशी एखादी सामाईक विहीर असेल. ती शेतातलीच असेल असे नाही. आईच्या दागिन्यांची वाटणी असेल, घराची एक भिंत असेल, मंडळीतले एखादे पद असेल. तिचे नाव आज एसेक असेल किंवा सितना असेल. तिथेच मुक्काम करू नका. पुढे चला. आणि तुमचे बरोबर असेल, तर मग पहिले पाऊल तुम्हीच टाका.

प्रार्थना करू या : हे प्रभू, तू अब्राहामाला शपथ दिलीस आणि ती पाळलीस. आमच्या कोरड्या घरांत तुझे जिवंत पाणी वाहू दे. आम्ही बुजवलेल्या विहिरी उकरायला आम्हाला बळ दे, आणि ज्यांच्या तहानेला आम्ही कारण झालो त्यांची आम्हाला क्षमा मागू दे. आमचा प्रभू येशू ख्रिस्त याच्या नावात मागतो. आमेन.